पाच हजार माणसे आणि एक तारायान



अंतराळातील साहसकथा तुम्ही वाचल्या असतील, पडद्यावर पाहिल्याही असतील. दूरच्या एखाद्या ग्रहावर माणसांची वसाहत असते. एके दिवशी तेथील जमीन हादरू लागते, ज्वालामुखी जागा होतो, आकाश राखेने काळवंडते. वसाहतीतून मदतीची हाक जाते आणि एक तारायान धावून येते. यानाचा दरवाजा उघडतो, माणसे भराभर आत शिरतात, सर्वांत शेवटी कप्तान चढतो आणि यान आकाशात झेपावते!

काही महिन्यांपूर्वी मी एका शाळेत अंतराळप्रवासावर बोलायला गेलो होतो. मुलांना आवडते म्हणून मीही अशीच एक गोष्ट रंगवून सांगितली. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, वसाहतीत पाच हजार माणसे होती असे तुम्ही सांगितलेत. सगळ्यांना यानात पोहोचायला वेळ किती लागला?"

मुले हसली. मी मात्र निरुत्तर झालो. "हिशेब करून सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की त्या मुलीने सगळ्या गोष्टीतला एकच खरा प्रश्न विचारला होता. तो हिशेब आज आपण मिळून करू. यात गुणाकार, भागाकार आणि थोडे भौतिकशास्त्र एवढेच लागेल. कप्तान तुम्ही आहात असे समजा.

हाक केव्हा ऐकू येईल?

सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील प्रॉक्सिमा. तो आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याभोवती निदान पृथ्वीइतक्या वस्तुमानाचा एक ग्रह फिरतो, हे २०१६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी शोधून काढले. आपली काल्पनिक वसाहत तिथे आहे असे धरू.

वसाहतीतून 'वाचवा' असा संदेश निघाला. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात. तरीही तो संदेश पृथ्वीवर पोहोचायला सव्वाचार वर्षे लागतील. आपण तत्काळ यान सोडले तर? १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. या वेगाने प्रॉक्सिमाचे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे हवीत. आपले यान फार पुढारलेले आहे, ते प्रकाशाच्या एक-दशांश वेगाने जाते असे मानले, तरी प्रवासाला ४२ वर्षे लागतात. हाक दिल्यापासून मदत येईपर्यंत ४६ वर्षे!

ज्वालामुखी इतका वेळ थांबत नसतो. म्हणून पहिला निष्कर्ष असा की, वाचवणारे यान संकटाच्या आधीच तेथे असले पाहिजे. तेव्हा आपले तारायान त्या ग्रहाभोवती कक्षेत फिरतच आहे असे समजू. एवढे मोठे यान जमिनीवर उतरत नाही. त्याच्यापाशी दहा लहान याने आहेत. त्यांना आपण 'होड्या' म्हणू. बंदरात मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि माणसांची ने-आण होड्या करतात, तसाच हा प्रकार.

एक लिटर पेट्रोल आणि वीस टनांचे कोडे

होडीने माणसांना जमिनीवरून कक्षेत न्यायचे आहे. ग्रह पृथ्वीएवढा आहे असे धरल्यास कक्षेतील वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर येतो. एक किलोग्रॅम वस्तूला हा वेग देण्यासाठी लागणारी गतिज ऊर्जा तुम्ही काढू शकाल: वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते सुमारे तीन कोटी ज्यूल. ती वस्तू चारशे किलोमीटर उंच नेण्याची ऊर्जा मिळवली तर ते साडेतीन कोटींच्या आसपास जाते.

ही ऊर्जा फार मोठी वाटते ना? पण एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एवढीच ऊर्जा मिळते! म्हणजे साठ किलोच्या माणसाला कक्षेत न्यायला साठेक लिटर पेट्रोलची ऊर्जा पुरावी. मग अग्निबाण एवढे प्रचंड का असतात?

कारण अग्निबाणाला ढकलायला रस्ता नाही, पाणी नाही, हवाही नाही. स्वतःजवळचे इंधन जाळून, तप्त वायू मागे फेकूनच त्याला पुढे जावे लागते. ज्वलनाला लागणारा ऑक्सिजनसुद्धा बरोबर न्यावा लागतो. शिवाय सुरुवातीला जळणाऱ्या इंधनाला नंतर जळणारे इंधनही वर उचलावे लागते. या गोष्टीचे गणित रशियातील कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले. ते पेशाने शाळामास्तर होते, हे आपल्या शिक्षकवाचकांना वाचून आनंद होईल.

त्यांच्या सूत्राचे सार असे: बाहेर पडणाऱ्या वायूचा जेवढा वेग असेल, तेवढा वेग अग्निबाणाला द्यायचा, तर निघतानाचे वस्तुमान पोहोचतानाच्या वस्तुमानाच्या २.७२ पट हवे. त्याच्या दुप्पट वेग हवा असेल तर २.७२ चा वर्ग, तिप्पट हवा असेल तर घन. चक्रवाढ व्याजासारखाच हा हिशेब आहे.

इंधन जळून निघणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरू. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाणारा वाटा धरून कक्षेत पोहोचायला एकूण सुमारे ९ किलोमीटरचा वेग कमवावा लागतो. नऊ म्हणजे तीनच्या तिप्पट. २.७२ चा घन सुमारे २० येतो. याचा अर्थ, वर एक टन पोहोचवायचा तर जमिनीवरून वीस टन निघाले पाहिजेत. त्यांपैकी एकोणीस टन इंधन आणि ऑक्सिजन, आणि उरलेल्या एका टनात टाकी, एंजिन, खुर्च्या आणि माणसे. कोंबडीच्या अंड्याचे कवच अंड्याच्या वजनाच्या साधारण एक-दशांश असते. इथे तर टाकीपासून माणसांपर्यंत सगळे मिळून एक-विसांश! म्हणूनच आजचे अग्निबाण टप्प्याटप्प्यांचे असतात आणि रिकामा झालेला टप्पा वाटेत टाकून देतात. आपल्या काल्पनिक होड्यांना ही अडचण साधली आहे असे आपण उदार मनाने मानू.

प्रत्यक्षातील आकडा हवा असेल तर सोयुझ पाहा. तिचा अग्निबाण निघताना सुमारे ३१० टनांचा असतो आणि माणसे नेतो तीन. पाच हजार माणसांना असे १,६६७ अग्निबाण लागतील. पृथ्वीभोवती एकाच वेळी सर्वाधिक माणसे असण्याचा विक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा ती संख्या होती १९.

वसाहत कोणत्या ग्रहावर?

हेच गणित दुसऱ्या ठिकाणांसाठी करून पाहा. चंद्रावरून त्याच्या कक्षेत चढायला सेकंदाला दोन किलोमीटरपेक्षाही कमी वेग पुरतो. म्हणून गुणक येतो सुमारे २. अपोलोच्या चांद्रवीरांना चंद्रावरून परत आणणारा यानाचा वरचा भाग निघताना सुमारे ४.७ टनांचा होता आणि त्यात निम्मे इंधन होते. सूत्र आणि प्रत्यक्ष यांचा मेळ कसा बसला पाहा! मंगळावरून कक्षेत यायला सुमारे ४ किलोमीटरचा वेग लागतो. त्याचा गुणक आहे जवळजवळ ४.

आता उलट बाजूला जाऊ. ज्या ग्रहावरून निघायला पृथ्वीच्या दुप्पट, म्हणजे १८ किलोमीटरचा वेग लागतो, तिथे गुणक किती? चाळीस नव्हे. विसाचा वर्ग, चारशे! एक टन वर न्यायला चारशे टन. अशा जड ग्रहावर वसाहतकरी उतरू शकतील, पण रासायनिक इंधनाच्या होड्यांनी त्यांना पुन्हा वर काढता येणार नाही. म्हणजे त्यांची सुटका होईल की नाही, हे वसाहतीची जागा निवडली त्याच दिवशी ठरले.

फेऱ्यांचा हिशेब

आपण पृथ्वीएवढ्या ग्रहावरच राहू. दहा होड्या, प्रत्येकीत पन्नास माणसे. एका वेळी पाचशे, म्हणून दहा फेऱ्या. उतरणे, इंधन भरणे, माणसे बसवणे, उडणे, कक्षेत यानाला गाठून जोडले जाणे, माणसे उतरवणे हे सगळे धरून एका फेरीला बारा तास मानू. दहा फेऱ्यांना १२० तास, म्हणजे पाच दिवस. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

पण घाई करू नका. माणसांसह एक होडी कक्षेत ३० टनांची असेल, तर निघताना ती ६०० टनांची असणार. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला ५७० टन इंधन व ऑक्सिजन हवा. उड्डाणे शंभर. एकूण ५७,००० टन! मालगाडीच्या एका वाघिणीत ६० टन माल मावतो असे धरले तर ९५० वाघिणी. हा साठा वसाहतीत आधीच तयार असला पाहिजे. ज्वालामुखी पेटल्यावर तो करायला कोणी बसणार नाही.

असे इंधन परग्रहावर तयार करता येते का? मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीत 'मॉक्सी' नावाचे एक छोटे उपकरण होते. मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून त्याने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा ऑक्सिजन तयार करून दाखवला. दुसऱ्या ग्रहावर ऑक्सिजन बनवण्याची ती पहिलीच वेळ होती. एकूण ऑक्सिजन किती मिळाला? १२२ ग्रॅम. एका माणसाला श्वासासाठी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे साडेतीन तासांचा श्वास! सुरुवात चांगली आहे, पण वाट केवढी लांब आहे तेही यातून कळते.

आता आणखी एक खोच. होड्या दहा आहेत, पण इंधन भरण्याची जागा एकच आहे असे समजा. एका होडीत ५७० टन भरायला तीन तास लागतात. शंभर उड्डाणांना ३०० तास, म्हणजे साडेबारा दिवस. पाच दिवसांचे साडेबारा झाले! इथे कप्तानाने आणखी दहा होड्या मागवल्या तर काय होईल? काहीच नाही, त्या रांगेत उभ्या राहतील. एस.टी. आगारात डिझेलचा पंप एकच असेल तर गाड्या वाढवून फेऱ्या वाढत नाहीत, तसेच हे. कामाच्या साखळीत जी कडी सर्वांत मंद, तिच्याच गतीने सगळे काम चालते. म्हणून कप्तानाने प्रथम ती कडी शोधायची असते.

सामानाचेही ऐका. कोणी म्हणेल, "फक्त दहा किलोची एक पेटी घेऊ द्या." पाच हजार पेट्या म्हणजे ५० टन, आणि त्यासाठी इंधन ९५० टन. एवढ्या इंधनात एक भरलेली होडी वर जाऊन दुसरी दोन-तृतीयांश भरली असती. ज्याला पेटी ठेवायला सांगायचे, त्याच्या पेटीत आयुष्यभराची पत्रे आणि छायाचित्रे असतील. तरीही कप्तानाला नाही म्हणावे लागेल, आणि ते का, हे समजावूनही सांगावे लागेल.

एका बेटावरची रात्र

आतापर्यंत सगळे काल्पनिक झाले. पण पाच हजार माणसांची वसाहत, ज्वालामुखी आणि धावून येणारा ताफा हा प्रसंग पृथ्वीवर खरोखर घडला आहे. आइसलँडच्या दक्षिणेला हेइमाए नावाचे लहानसे बेट आहे. १९७३ साली तेथे सुमारे ५,३०० माणसे राहत होती. मासेमारी हा त्यांचा धंदा. २३ जानेवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास गावाच्या पूर्व कडेला जमीन फाटली आणि त्या भेगेतून लाव्हारसाची कारंजी उडू लागली. गाव झोपेत होते.

आदल्या दिवशी समुद्रावर वादळ होते. त्यामुळे मासेमारीचा सारा ताफा त्या रात्री बंदरातच नांगर टाकून होता, आणि पहाटेपर्यंत वादळही निवळले होते. लोक कपडे चढवून थेट बंदरावर गेले आणि होड्यांत बसले. आजारी आणि वृद्ध यांपैकी काहींना विमानाने हलवले. सुमारे सहा तासांत जवळजवळ सारे बेट रिकामे झाले. भागाकार करा: तासाला साधारण ८८०, मिनिटाला सुमारे १५ माणसे.

या आकड्यामागे काय होते? होड्या भरपूर होत्या आणि त्या जागेवर होत्या. त्यांत इंधन होते. घरापासून बंदर चालत जाण्याच्या अंतरावर होते. आणि होडीत कसे बसावे हे त्या गावात कोणाला शिकवावे लागत नव्हते. ताफा समुद्रावर असता तर हाच भागाकार फार वेगळा आला असता. यातला काही भाग नशिबाचा होता हे मान्य करायला हवे. पण कप्तानाने नशिबावर हवाला ठेवायचा नसतो. हेइमाएत जे वादळाने घडवले, ते त्याने नियमाने घडवायचे असते.

पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. लाव्हारस बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा थोरब्यॉर्न सिगुरगेर्सन या भौतिकशास्त्रज्ञाच्या कल्पनेनुसार त्यावर समुद्राचे पाणी मारले गेले. पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते, हे तुम्ही सुप्त उष्णतेच्या धड्यात शिकता. सुमारे ६० लाख घनमीटर पाणी फवारले, लाव्हारसाची कड थिजली आणि बंदर वाचले. जुलैच्या सुरुवातीला उद्रेक थांबला. शेकडो घरे गेली, विषारी वायूने एक माणूस दगावला. पण बहुतेक लोक पुढे परत आले आणि गाव पुन्हा उभे राहिले.

श्वासाचा हिशेब

आपल्या तारायानाकडे परत येऊ. पाच हजार माणसे वर पोहोचली. संकट संपले का? एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तर पाच हजारांना ४.२ टन. त्यांच्या उच्छ्वासातून दिवसाला सुमारे ५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो काढून टाकला नाही तर ऑक्सिजन शिल्लक असूनही माणसे गुदमरतात.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा नेमका हाच प्रसंग आला. तीन अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात आसरा घेतला. ते दोघांसाठी आणि सुमारे दोन दिवसांसाठी बनवलेले होते. त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढायचे होते. ऑक्सिजन पुरत होता, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे अपुरे होते. मुख्य यानातले डबे चौकोनी आणि या यानातली भोके गोल! शेवटी पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून ते जोडले, आणि तिघेही १७ एप्रिलला सुखरूप परतले.

म्हणून आपल्या यानाने पाच हजार माणसांना घेऊन ४२ वर्षांच्या परतीच्या प्रवासाला निघणे शहाणपणाचे नाही. आधी जवळचा आसरा शोधावा. दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान दा कुन्हा हे बेट आहे. ते केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे गावालगतच ज्वालामुखीचा उद्रेक झाला. २६४ रहिवाशांना प्रथम शेजारच्या नाइटिंगेल बेटावर नेले, तेथून जहाजाने केपटाऊनला आणि मग इंग्लंडला. पहिली उडी जवळची होती म्हणूनच पुढच्या दोन उड्या मारता आल्या. आणि गंमत पाहा, इंग्लंडमधल्या सुखसोयी सोडून १९६३ साली बहुतेक लोक आपल्या बेटावर परत गेले. कप्तानाने हेही ध्यानात ठेवावे: ज्यांना आपण वाचवतो, त्यांना घरी परतायचे असते.

पळायचे की दडायचे?

प्रत्येक संकटात पळणे हाच उपाय असतो असेही नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सूर्यावर एक प्रचंड वादळ झाले. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघणार होते. त्या दिवसांत चंद्रावर कोणी चालत असते तर त्याला किरणोत्साराचा घातक मारा सोसावा लागला असता. अशा वेळी होडीत बसून उघड्या अवकाशात जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. काही मीटर मातीखाली खोदलेली खोली हाच तेव्हा खरा आसरा.

प्रॉक्सिमा हा तारा असल्या भडक्यांसाठी प्रसिद्धच आहे. त्याचा तो ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे की तिथे प्रकाश २४ सेकंदांत पोहोचतो. भडका दिसला आणि तयारीला लागलो, असे तिथे चालणार नाही. होडी केव्हा आणि तळघर केव्हा, याचा निर्णय आधी लिहून ठेवलेला हवा.

प्रत्येकासाठी एक खुर्ची

आज तारायाने नाहीत, पण अंतराळात घर करून राहणारी माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एक साधा नियम पाळला जातो: जितकी माणसे, तितक्या खुर्च्या असलेली याने स्थानकाला जोडलेली हवीत. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी एका नष्ट केलेल्या उपग्रहाचे तुकडे जवळून जाण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा स्थानकावरील सातही जण आपापल्या यानात जाऊन बसले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये या नियमाची कसोटी लागली. स्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ यानातून ते थंड ठेवणारा द्रव गळून गेला. तिघे त्यात बसून परतले असते तर आत उष्णता धोकादायक होईल अशी भीती होती. तिघांच्या परतीच्या खुर्च्या एका क्षणात बेभरवशाच्या झाल्या. मग काय केले? तिघांपैकी फ्रँक रुबिओ यांची खुर्चीची गादी स्थानकाला जोडलेल्या दुसऱ्या यानात बसवली, म्हणजे आणीबाणी आलीच तर जुन्या यानात दोघेच राहतील आणि उष्णता कमी होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये पृथ्वीवरून एक सोयुझ रिकामी पाठवण्यात आली. तिच्यात कोणी नव्हते, तीन मोकळ्या खुर्च्या होत्या. तिघेही तिच्यातून सप्टेंबरमध्ये सुखरूप उतरले. सहा महिन्यांची मोहीम ३७१ दिवसांची झाली.

आपल्या राकेश शर्मांची गोष्टही याच नियमाची आहे. एप्रिल १९८४ मध्ये ते सोयुझ टी-११ मधून गेले, पण परतले सोयुझ टी-१० मधून. ती आधीपासून साल्यूत-७ स्थानकाला जोडलेली होती. फार दिवस अवकाशात राहिलेले यान जुने होते. म्हणून पाहुण्यांनी जुने यान घेऊन परतायचे आणि ताजे यान तेथे राहणाऱ्यांसाठी ठेवायचे, अशी ती पद्धत होती.

तुमच्या शाळेचे गणित

हे सगळे घेऊन मी त्या शाळेत पुन्हा गेलो. फळ्यावर हिशेब मांडला: दहा होड्या आणि भरपूर पंप असतील तर पाच दिवस, पंप एकच असेल तर साडेबारा, आणि इंधनाचा साठा आधी केलेला नसेल तर कधीच नाही. मग मी त्या मुलीला विचारले, "ही शाळा रिकामी व्हायला किती वेळ लागेल?"

आम्ही मोजायचे ठरवले. शाळा तीन मजली, वरच्या मजल्यांवर ६०० मुले आणि जिने दोन. एका वर्गाला रांगेने, धक्काबुक्की न करता उतरवले आणि घड्याळ लावले. जिन्यावरून मिनिटाला साठ मुले उतरत होती. दोन जिन्यांनी ६०० मुलांना पाच मिनिटे. छान! तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, पण दुसरा जिना बंद असतो." जाऊन पाहिले. खालच्या दाराला कुलूप, पायऱ्यांवर मोडक्या बाकांचा ढीग, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पाचाची दहा मिनिटे झाली.

मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात बाके हलवली. किल्ली आता दाराशेजारी काचेच्या पेटीत असते.

शिक्षकमित्रहो, हा प्रयोग तुमच्या शाळेतही करा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुढील गोष्टी मोजा आणि वहीत मांडा:

१. वरच्या मजल्यांवर एकूण किती जण असतात?

२. एका जिन्यावरून मिनिटाला किती जण शांतपणे उतरतात? तीन वेळा मोजून सरासरी काढा. पळू नका आणि पळवू नका.

३. साखळीतील सर्वांत मंद कडी कोणती? वर्गाचे दार, जिन्याचे वळण की बाहेरचे फाटक?

४. ज्याचा पाय मोडला आहे किंवा जो चाकाच्या खुर्चीत बसतो, त्याला कोण आणणार? हे आजच ठरलेले आहे का?

५. दुसऱ्या जिन्याची किल्ली कुठे आहे?

तारायानाचे कप्तान व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र उद्या मधल्या सुट्टीत शोधता येईल.